वजनाखाली झाकली जाणारी दुखणी: जाड स्त्रीची तपासणी, वजनघट आणि आपले अनुभव

मृदुला_सांगली

नमस्कार. मी त्रेचाळीस वर्षांची असून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे. गेल्या वर्षी वजन ११२ किलो होते, आज ते ९९ आहे. हे वजन कसे उतरले ते पुढे सांगेनच, पण धागा त्यासाठी काढलेला नाही. मला त्याआधीच्या काळाबद्दल बोलायचे आहे, कारण त्या काळात माझ्या प्रत्येक दुखण्याला एकच उत्तर मिळत होते.

मला धाप लागत असे. शाळेचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकून थांबावे लागे आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एखाद्या मुलाच्या हाती द्यावा लागे. केस गळत होते, संध्याकाळी डोके जड होई, आणि सारखे बर्फाचे तुकडे चघळावेसे वाटत. पाळी आठ-नऊ दिवस चाले, गाठी पडत. हे सगळे मी वेगवेगळ्या दवाखान्यांत सांगितले. दर वेळी मला आधी वजनकाट्यावर उभे केले गेले, आणि पुढचे सगळे बोलणे त्या आकड्याभोवतीच झाले. 'वजन कमी करा, रोज पाऊण तास चाला.' पाळीचा त्रासही वजनाच्याच खात्यावर मांडला गेला. मी चालायला जात असे आणि थोड्याच वेळात छाती भरून आल्यामुळे परतत असे. घरच्यांना तो आळस वाटे.

पुढे शाळेत रक्तदान शिबिर झाले आणि मी नाव दिले. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. हिमोग्लोबिन पुरेसे असेल तर थेंब बुडतो. माझा थेंब वरच तरंगत राहिला. घनतेचा हा प्रयोग मी वर्गात शिकवते, त्यामुळे अर्थ लगेच कळला. ती मुलगी हळूच म्हणाली, 'बाई, आज तुम्ही रक्त द्यायचे नाही, उद्याच तपासून घ्यायचे.' दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन ७.८ आले आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली. शिरेतून लोह दिले गेले, पाळीवर उपचार सुरू झाले, आणि काही आठवड्यांतच मी तो जिना न थांबता चढू लागले. तेव्हा वजन होते तेवढेच होते.

मला रोज चालायला सांगणाऱ्यांपैकी कोणी हिमोग्लोबिन तपासले असते, तर मी कितीतरी आधीच चालू शकले असते.

वजनामुळे काहीच होत नाही असे माझे म्हणणे नाही. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.३ होती आणि त्यात वजनाचा वाटा आहे हे मी मानते. मला विचारायचे आहे ते असे: तुमच्या बाबतीत मूळ आजार असा वजनाखाली झाकला गेला का? डॉक्टरांशी त्याबद्दल कसे बोललात? आणि किलोंखेरीज तुम्ही स्वतःच्या तब्येतीचे मोजमाप कशाने करता?

गोदाकाठची_रेवा

मृदुलाताई, धागा काढलात हे फार बरे केले. माझा अनुभव रक्तदाबाचा आहे. माझ्या दंडाचा घेर ४६ सेंटिमीटर आहे. आमच्या इथल्या दवाखान्यात रक्तदाब मोजताना पट्टा जेमतेम गुंडाळला जाई, हवा भरू लागली की चर्रकन सुटे, आणि मग परिचारिका तो हाताने दाबून धरून पुन्हा हवा भरे. असा मोजलेला रक्तदाब १५२/९६ आला आणि त्यावर गोळी सुरू झाली. काही दिवसांतच पलंगावरून उठताना मला चक्कर येऊ लागली.

पुढे मुलीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या रुग्णालयात गेले होते, तेव्हा तिथल्या सिस्टरांनी माझा दंड टेपने मोजला आणि कपाटातून मोठा पट्टा काढला. रक्तदाब १३० च्या आसपास आला. त्यांनी सांगितले की नेहमीचा पट्टा साधारण ३४ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या दंडासाठी असतो आणि लहान पट्टा मोठ्या दंडावर बांधला की आकडा खोटा वाढतो. डॉक्टरांनी घरी योग्य पट्ट्याने नोंदी ठेवायला सांगितल्या आणि त्या पाहून गोळी हळूहळू बंद केली. आपल्या मनाने मी काही बंद केले नाही, हे मुद्दाम लिहिते.

निवृत्त_फिजिशियन

मी पस्तीस वर्षे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही ठिकाणी काम केले आहे. रेवाताईंनी लिहिलेले खरे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांचा वरचा रक्तदाब नेहमीच्या पट्ट्याने मोजला असता सरासरी १९.५ अंकांनी जास्त आला होता. केवळ पट्ट्यामुळे माणूस रुग्ण ठरू शकतो, एवढा हा फरक आहे.

मृदुलाताईंच्या कथनातली बर्फ चघळण्याची इच्छा हे लोहाच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. या दोन गटांत अनेक स्त्रिया सामाईक असणार हे उघड आहे. पण रक्तक्षय म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर कृश बाई उभी राहते आणि धष्टपुष्ट बाईच्या पापण्या खाली ओढून पाहायचे राहून जाते.

याची दुसरी बाजूही मला मांडली पाहिजे. वजनाशी खरोखर जोडलेले आजार आहेत: मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, यकृतात चरबी साठणे, गुडघ्यांची झीज, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. त्यामुळे डॉक्टरांनी वजनाचा विषय काढणे हा अपमान नव्हे. तो विषय काढून तपासणी तिथेच थांबवणे हा मात्र दोष आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हाच भेद मांडला: केवळ बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने काढलेल्या वजनाच्या आकड्यावरून, आजार ठरवू नये, कंबरेचा घेर किंवा चरबीचे मोजमाप घ्यावे, आणि अवयवांच्या कामावर परिणाम झाला आहे का ते पाहून मगच रुग्ण म्हणावे.

शिस्तप्रिय_पुणे

सर्वांचे अनुभव वाचले. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. मी स्वतः रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आणि रात्रीचा भात सोडून वजन उतरवले. खाल्लेल्यापेक्षा खर्च जास्त झाला की वजन उतरते, हे निसर्गाचे गणित आहे. अशा चर्चांमधून 'तुमच्या हातात काही नाही' असा संदेश गेला, तर जे प्रयत्न करू शकतात तेही थांबतील, अशी मला काळजी वाटते.

गोदाकाठची_रेवा

शिस्तप्रिय, तुमची काळजी प्रामाणिक आहे, पण वर कोणीही 'हातात काही नाही' असे म्हटलेले नाही. मृदुलाताई तर चालायला निघाल्याच होत्या. रक्तात प्राणवायू वाहून न्यायलाच काही नव्हते.

निवृत्त_फिजिशियन

शिस्तप्रिय यांचे गणित चुकीचे नाही, पण त्यातली खर्चाची बाजू स्थिर राहत नाही. वजन उतरले की शरीर विसाव्यातला उष्मांकांचा खर्चही कमी करते. अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी ती २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळीही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते, आणि बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. त्यांच्यात जिद्द नव्हती असे कोण म्हणेल? म्हणून जो वेग पुढची दहा वर्षे सांभाळता येईल तोच धरावा. शिवाय फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

कोथरूड_सुजाता

मी या धाग्यावर बसते की नाही ठाऊक नाही, कारण माझे वजन ५४ किलो आहे आणि बीएमआय २२. लग्नकार्यात सगळ्या जणी मला 'तू काय, भाग्यवान' म्हणतात. चष्म्याचा नंबर काढायला गेले असता डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा पाहून साखर तपासायला सांगितली आणि एचबीए१सी ८.४ निघाले. त्याआधी मला कोणीही साखर तपासायला सांगितले नव्हते, कारण मी बारीक. ज्या आकड्यामुळे मृदुलाताईंचे दुखणे दिसले नाही, त्याच आकड्यामुळे माझेही दिसले नाही.

निवृत्त_फिजिशियन

सुजाताताई, तुमचा अनुभव इथे अगदी बसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगापुढे आणले. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले गेले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे दिसायला बारीक माणसाच्याही पोटात चरबी साठलेली असते. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा २५ ऐवजी २३ धरली जाते, आणि कंबरेच्या घेराची सीमा स्त्रियांसाठी ८० व पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आहे.

शिवणवर्ग_कोल्हापूर

घेराचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी बावीस वर्षे ब्लाउज शिवते, त्यामुळे माप घेणे हेच माझे काम आहे. साडी नेसण्याची जागा म्हणजे कंबर असे समजून अनेक जणी घरी चुकीचे माप घेतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये. टेप कातडीला टेकावी, रुतू नये.

आणखी एक गोष्ट मनात आहे. माझ्याकडे कितीतरी बायका कापड देऊन जातात आणि म्हणतात, 'एवढ्यात शिवू नका, बारीक झाले की माप देईन.' पैठणीचे ब्लाउजपीस वर्षानुवर्षे माझ्या कपाटात पडून राहतात, आणि तेवढ्या काळात घरातली दोन-तीन कार्ये त्या जुन्याच साडीत उरकतात. मी आता सरळ सांगते की आजच्या मापाचे शिवू, आत शिवताना भरपूर माया ठेवते, पुढे कमी-जास्त करता येईल. आजच्या अंगाला नीट बसणारे कपडे असले की बाई घराबाहेर पडते, चालायला जाते, तपासणीलाही जाते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मृदुला_सांगली

कोल्हापूरच्या ताई, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाने मला गलबलून आले. मी चालण्यासाठी माझ्या मापाची सलवार-कमीज आणि चांगले बूट घेतले, तो खर्च घरात आधी अनाठायी वाटला होता. मांड्या घासून होणारे चट्टे हे माझे चालणे बंद पडण्याचे एक मोठे कारण होते. आता आत सुती लांब चड्डी घालते आणि व्हॅसलिन लावते. कोणत्याही आहारतक्त्यात हे लिहिलेले नसते, म्हणून इथे लिहिते.

दोनवेळ_लातूर

आमच्या भागात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीने खूप जण खातात: कडक भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि एरवी गोडाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मला त्याचा फायदा झाला. वजन ९१ वरून ८० वर आले, पोटाचा घेर कमी झाला, आणि मुख्य म्हणजे दिवसभर काहीबाही तोंडात टाकण्याची सवय गेली. खर्च शून्य आहे. मृदुलाताईंनी करून पाहावे असे मनापासून वाटते.

नाशिकरोड_सविता

दोनवेळ यांना फायदा झाला याचा आनंद आहे, पण मला ती पद्धत मानवली नाही. मला आधीपासूनच उपाशी राहून नंतर एकदम खूप खाण्याचा त्रास आहे, आणि मोठ्या अंतराने तो वाढला. आहारतज्ज्ञांनी मला तीन वेळा, प्रत्येक वेळी डाळ, उसळ, अंडे किंवा ताक-पनीर असे काही घ्यायला सांगितले. तेव्हा लक्षात आले की आमच्या जेवणात भात-पोळी भरपूर असायची आणि प्रथिने मात्र वाटीभर पातळ वरणापुरती.

निवृत्त_फिजिशियन

दोन्ही अनुभव खरे असू शकतात. एक इशारा मात्र देतो. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू आहे त्यांनी जेवणांतले अंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. प्रथिनांची रोजची शिफारस निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर ती नक्कीच गाठावी, आणि सोबत स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा.

वरी_आणि_आमटी

उपवासाचेही एक सांगावेसे वाटते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थी आणि एकादशीला मी आता खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची आमटी करते. सासूबाईंनी स्वतःहून हा बदल स्वीकारला, आणि आता त्या शेजारणींना कृती सांगतात.

ठाणे_लोकल

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. वय ३९, पीसीओडी (अंडाशयाचा हार्मोनविकार), मधुमेह, वजन १०८. टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो, भारतात मार्च २०२५ मध्ये आले, आणि मी हार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते सुरू केले. आठवड्याला एक टोचणी. सुरुवातीचे आठवडे मळमळ आणि बद्धकोष्ठता यांत गेले. त्यानंतर जे घडले ते मला शब्दांत सांगणे अवघड आहे: डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार थांबला. दादर स्थानकावर वडापावाच्या गाडीजवळून मी सहज चालत गेले, आणि तेव्हा कळले की बारीक माणसांना हे रोजच इतके सोपे जात असेल. माझी इच्छाशक्ती कमी आहे असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझी भूकच वेगळी होती.

खर्च जड आहे. बाजारात आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती, आणि महिन्याला चार कुप्या लागतात. औषध थांबवले की वजन परत येते, हेही डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते.

शिस्तप्रिय_पुणे

ठाणे_लोकल, तुमचा अनुभव वाचून मी थोडा वेळ थांबलो. भुकेत माणसामाणसांत एवढा फरक असू शकतो असा विचार मी केला नव्हता. मला रात्रीचा भात सोडणे फारसे कठीण गेले नव्हते, हे खरे. तरीही एक प्रश्न राहतो: औषध आयुष्यभर घ्यायचे का?

निवृत्त_फिजिशियन

रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते हे आपण स्वीकारतो, तसाच विचार इथेही करावा लागेल. सेमाग्लुटाइड या अशाच औषधाच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आले. गर्भधारणेचा विचार असेल तर ही औषधे पुरेशी आधी थांबवावी लागतात. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला असेल तर ती घेऊच नयेत. ओळखीच्या औषधवाल्याकडून परस्पर आणून टोचून घेण्याचा प्रकार कृपा करून कोणी करू नये.

वैनगंगा_भंडारा

मी नागपुरात स्लीव्ह, म्हणजे जठराचा भाग काढून ते लहान करण्याची, शस्त्रक्रिया करून घेतली आहे. वजन १२४, मधुमेहाला इन्सुलिन, आणि रात्री श्वास अडकत असल्यामुळे श्वासमार्ग हवेच्या दाबाने उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र लावून झोपणे, अशी स्थिती होती. शस्त्रक्रिया म्हणजे सोपी पळवाट, असे नातेवाइकांनी तोंडावर म्हटले. त्यांना पुढचे माहीत नसते. पहिले काही आठवडे पातळ आहार, मग घास चावून चावून खाणे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ-मूठ केस गळणे, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व रक्ततपासण्या जन्मभर. एवढे करून मी समाधानी आहे, कारण इन्सुलिन सुटले आणि यंत्राशिवाय झोप लागते.

विम्याबद्दल उपयोगी पडेल म्हणून सांगते. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून अनियंत्रित मधुमेह किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे) यांसारखा गंभीर आजार असेल आणि डॉक्टरांनी सल्ला दिला असेल, तर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला 'वजन कमी करण्याचे उपचार' म्हणून सरसकट वगळता येत नाही. प्रतीक्षा कालावधी वेगळा असतो, तो स्वतःच्या पॉलिसीत पाहावा.

संसारी_जळगाव

मी पुरुष आहे, पण पत्नीसाठी विचारतो. तिला डॉक्टरांकडे चल म्हटले की ती म्हणते, 'तिथे पुन्हा तेच ऐकायला येऊ का?' मी काय करू शकतो?

मृदुला_सांगली

दादा, तिच्यासोबत आत जा, आणि तिचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत शेजारी बसा. मला माझ्या बहिणीने दिलेली युक्ती फार उपयोगी पडली. मी एका कागदावर तक्रारी लिहून नेते: त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, पाळीचे दिवस किती. कागद डॉक्टरांच्या हातात दिला की बोलणे त्यावरून सुरू होते. आणि एक प्रश्न मी आदराने विचारते: 'डॉक्टर, हीच तक्रार घेऊन पन्नास किलोची बाई आली असती, तर तुम्ही कोणत्या तपासण्या सांगितल्या असत्या?' हा प्रश्न मी ज्यांना विचारला त्यांनी राग धरला नाही. एकांनी तर पेन उचलून लगेच चार तपासण्या लिहिल्या.

निवृत्त_फिजिशियन

हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला हवा होता. थायरॉइडबद्दलही दोन ओळी, कारण अनेक जणी सगळे वजन त्याच्यावर घालतात. थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन बहुतेकदा दोन ते पाच किलोंच्या आसपास असते आणि त्यात पाण्याचा भाग मोठा असतो. गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी किमान अर्धा तास घ्यावी, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. मृदुलाताई, तुम्हाला लोहाच्या गोळ्या चालू असतील तर हे पाहा.

मृदुला_सांगली

डॉक्टरसाहेब, आभार. मला थायरॉइड आहेच आणि दोन्ही गोळ्या मी सकाळी एकत्रच घेत होते. कोणी सांगितले नव्हते. आजपासून लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर.

आता माझ्या मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर. मी वजन महिन्यातून एकदा करते. त्याऐवजी कोणती नोंद ठेवते, तर न थांबता किती मजले चढले, पाळीत किती पॅड लागले, रात्री किती वेळा जाग आली, जमिनीवर बसून हात न टेकता उठता येते का, आणि दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन व एचबीए१सी. साखर आता ५.८ आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी थोडे फसवे येऊ शकते असे कळल्यामुळे मी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरचीही साखर तपासते. जेवणात काही जादू केली नाही: ज्वारीची भाकरी, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट डाळ, भाजी, संध्याकाळच्या फरसाणाऐवजी फुटाणे, आणि रात्रीचे जेवण साडेसातला. चालणे आमराईत, सुरुवातीला एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत. आता बाकांवर बसणारे आजोबा मला उशीर झाला की कारण विचारतात.

वजन गेले तीन महिने ९९ वरच आहे. आधी या टप्प्यावर मी सगळे सोडून देत असे.

निवृत्त_फिजिशियन

सोडू नका. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि त्या गटाचे वजन फारसे उतरले नव्हते. तुमचे चालणे काट्यावर दिसले नाही तरी शरीरात काम करत असते.

अमेय_बंगळूरु

मी नेहमी फक्त वाचतो, आज लिहितो आहे. माझी आई सोलापूरला असते, वय ६१, वजन ९६. तिची पाळी थांबून दहा वर्षे झाली. गेल्या महिन्यात तिला दोनदा थोडा रक्तस्राव झाला. दवाखान्यात दाखवले तेव्हा 'अंगात चरबी जास्त असली की हार्मोन्समुळे होते, वजन कमी करा' असे सांगून गोळ्या दिल्या. आता थांबले आहे, त्यामुळे ती पुन्हा दाखवायला तयार नाही. हे थांबण्यासारखे आहे का?

निवृत्त_फिजिशियन

अमेय, नाही. पाळी थांबल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी झालीच पाहिजे, तो आपोआप थांबला असला तरीही. चरबीमुळे हार्मोन वाढते हे खरे आहे, आणि त्याच कारणाने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणजे वजन जास्त असणे हे तपासणी टाळण्याचे नव्हे, लवकर करण्याचे कारण आहे. योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहतात आणि गरज पडल्यास छोटा तुकडा तपासायला घेतात. बहुतेक स्त्रियांमध्ये कारण साधे निघते, आणि कर्करोग असला तरी या टप्प्यावर सापडल्यास उपचार चांगले होतात. आईंना घाबरवू नका, पण या आठवड्यात घेऊन जा.

मृदुला_सांगली

अमेय, आईंना माझा अनुभव वाचून दाखवा. तारखा आणि किती रक्तस्राव झाला ते कागदावर लिहून न्या, आणि वर ठळक लिहा: 'पाळी थांबून दहा वर्षे झाली आहेत.' शक्य असेल तर तुम्ही स्वतः जा.

गोदाकाठची_रेवा

आणि त्यांचा रक्तदाब मोजतील तेव्हा दंडाला पट्टा पुरतो आहे ना, तेवढे पाहा.

अमेय_बंगळूरु

सर्वांचे मनापासून आभार. आईला फोनवर सगळे वाचून दाखवले, ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, 'त्या सांगलीच्या बाईंना बर्फ खावासा वाटायचा ना, मलाही वाटतो.' हिमोग्लोबिनही त्याच दिवशी करून घेतो. रविवारच्या रात्रीच्या गाडीने निघतो आहे, सोमवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. कागद मावशी आजच लिहून ठेवते आहे.